बेल होती ना रे

१२ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

प्रभूत सलाम. पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या घरचं पत्र म्हणजे वाईट बातमी असा तुझा समज आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. फोन केला असता, पण फोनवर पप्पांचा विषय निघाला की तुझ्या मोबाईलची रेंज जाते. इतक्या वर्षांत तुमच्या भागात एक टॉवर बसवता आला नाही लोकांना, कमाल आहे. पत्राचं बरं असतं, मध्येच कट करता येत नाही.

बातमी अशी की काल संध्याकाळच्या प्रार्थनेत पप्पांनी तुझं नाव घेतलं.

तुला त्यांची प्रार्थना अजून पाठ असेल. आधी आईच्या आयुष्याबद्दल उपकारस्तुती, मग 'माझी मोठी', मग 'माझा छोट्या', मग चर्चच्या मंडळीतले आजारी, मग शेजारी, आणि सगळ्यात शेवटी देश चालवणारे. त्यांच्यावर पप्पांचा कधीच फार भरवसा नव्हता, म्हणून ते शेवटी. तू घर सोडलंस त्या दिवसापासून मोठीनंतर ते थांबायचे. घसा खाकरायचे. मी डोळे मिटून वाट बघायची, आज येईल, आज येईल. मग ते सरळ आजाऱ्यांवर जायचे. काल खाकरले नाहीत. 'माझा छोट्या, त्याच्या जाण्यायेण्यात त्याला सांभाळ' असं म्हणाले आणि पुढे गेले, जणू कालही म्हटलं होतं आणि परवाही.

फार आनंदू नकोस. त्यांनी क्षमा केली की ते भांडण विसरले, हे मला सांगता यायचं नाही. त्यांचं विसरणं वाढलंय. डॉक्टर म्हणतात, वरवरच्या आठवणी आधी जातात, तळातल्या राहतात. भांडण वर होतं, गेलं. तू तळाला होतास. आईला पुरून आलो त्या संध्याकाळी ताटावर बसल्यावर तू 'कशाबद्दल उपकार मानताय?' म्हणालास आणि ते 'या घरात जेवायचं तर डोकं झुकवून' म्हणाले, यातलं एक अक्षर आता त्यांच्याकडे नाही. आता ते फक्त तुझ्या-माझ्याकडे आहे. तेवढं आपल्याला सांभाळता येईल असं वाटतं.

एक आठवडा काढून ये. ते ओळखतायत तोवर ये. नंतर येशील, ते 'हा कोण?' म्हणतील आणि मग तू मला बोल लावशील की ताई, आधी का नाही सांगितलंस.

माझं बरं चाललंय. मशीन खिडकीशी आहे, पँटी आखूड करणं, झिपा बदलणं, पडद्यांना पट्ट्या लावणं, हाताला काम आहे. पप्पा मला त्रास देत नाहीत. मला नीट ओळखतात. त्याची काळजी करू नकोस.

भावजयीला सलाम, पोरीला पापा.

तुझी,
ताई

३ मार्च

प्रिय छोट्या,

तुझं उत्तर आलं. चार ओळींचं का होईना, आलं. पण त्या चार ओळी वाचून मी शिवणाच्या खुर्चीत किती वेळ बसून राहिले म्हणून सांगू.

'मी आलो होतो, ताई. आईच्या पहिल्या स्मरणदिनी. माझी किल्ली लावली, फिरली नाही. समजायचं ते समजलो आणि परत गेलो.'

अरे, मी त्या दिवशी घरात होते! महिला मंडळ पुढच्या खोलीत बसून गात होतं. दार उघडण्याविषयीचंच गीत असणार, त्यांना दुसरं येत नाही. म्हणजे तू दाराच्या पलीकडे उभा, आम्ही अलीकडे डोळे मिटून सुरात, आणि मध्ये एक लॅच. बेल होती ना रे! पांढरी, प्लास्टिकची, तू शाळेत असताना तूच बसवलेली. एक बोट लावायला काय झालं होतं? पण नाही. पप्पांनी कुलूप बदललं म्हणजे तुला घालवलं, असं ठरवून तू मोकळा झालास. आणि इकडे पप्पा वर्षभर संध्याकाळी घसा खाकरतायत. तुम्हा दोघांच्या किल्लीचे दात एकाच कानशीने घासलेत.

हो, त्यांनी बदललं होतं. खोटं कशाला बोलू. भांडणाच्या दुसऱ्या सकाळी तू गेलास, त्याच दुपारी त्यांनी दारातून लॅच काढलं, टेबलावर टॉवेल पसरून बसले आणि आतल्या पिना बदलल्या. आपण लहानपणी पप्पांच्या कुलपांच्या दुकानात बसून हजारदा बघितलंय ते. नळीत बारक्या पितळी पिना, कमीजास्त उंचीच्या. किल्लीचे दात त्यांना बरोबर उचलतात, तेव्हा कुलूप फिरतं. पिना बदलल्या की कुलूप तेच, दार तेच, आणि घरच्या माणसाची किल्ली परकी. काढलेल्या पिना पप्पा वाटीत टाकायचे, सगळ्या गिऱ्हाइकांच्या एकत्र. 'एकदा वाटीत पडल्या की त्यातून जुनं कुलूप पुन्हा जुळवणं देवाच्याही हातचं नाही,' असं म्हणायचे. आई रागवायची, देवाचं नाव असल्या कामात कशाला घेता म्हणून.

संध्याकाळी घरातल्या जुन्या किल्ल्या भंगारात टाकल्या आणि माझ्या हातात नवी ठेवली. ते काही बोलले नाहीत, मी काही विचारलं नाही. आपल्या घरात असंच चालतं.

आता त्याच कुलूपवाल्याला घरात ठेवता ठेवता माझ्या नाकी नऊ आलेत. मधूनच उठतात, बूट घालतात, 'दुकान उघडायचंय' म्हणतात. म्हणून मी आतून कडीला कुलूप घातलं. मी गॅसवरचं दूध उतरवून येईपर्यंत कुलूप उघडं, पप्पा गायब आणि जमिनीवर माझी केसाची पिन. आपलं स्वतःचं नाव कधीकधी अडतं त्यांचं, पण बोटांना सगळं येतं. धावत खाली गेले तर दुकानात बसलेले. आता तिथे झेरॉक्सवाला आहे, भला माणूस. त्याने त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं आणि हातात एक बंद पडलेलं कुलूप दिलं. 'बसू द्या हो ताई,' म्हणाला, 'गिऱ्हाईकही त्यांच्याशीच जास्त बोलतं.'

मी रस्त्यातच त्यांच्यावर ओरडले. लोकांसमोर ओरडले, छोट्या, लहान मुलावर ओरडतात तशी. ते गोंधळून हसले. जिना चढून वर येईपर्यंत ते विसरलेसुद्धा, आणि मी मात्र दिवसभर जळत बसले. ज्यांची क्षमा मागायची त्यांना अपराधच आठवत नाही, मग मागायची कुणाकडे? प्रभूकडे मागितली. तिथेही आता ओळीत उभं राहिल्यासारखं वाटतं, रोजचंच गिऱ्हाईक. क्षमा करणं आणि विसरणं यांत फरक असतो असं पास्टरसाहेब सांगतात. पप्पांच्या बाबतीत मला तो सापडत नाही.

सहनशीलता दे म्हणून प्रार्थना करायची मी आता बंद केलीय. ती मागितली की नवीन काहीतरी सहन करायला मिळतं, असा माझा अनुभव आहे.

कुलूप बदललं हे खरं. पण तुझं नाव ते रोज घेतायत हेही खरं. त्या दिवसापासून रोज घेतात, चुकत नाहीत. ये.

ताई

२४ मार्च

छोट्या,

'सुट्टीचं बघतो.' बघ बाबा. सावकाश बघ.

मी आज रागात आहे, तेव्हा हे पत्र सलामाशिवाय सुरू झालं हे तुझ्या लक्षात आलं असेलच. राग तुझ्यावर आहे, पास्टरसाहेबांवर आहे आणि थोडा प्रभूवरही आहे. त्याला माहीत आहे, त्याच्यापासून काय लपवायचं.

रविवारी पुन्हा तीच गोष्ट सांगितली, घर सोडून गेलेल्या पोराची. बाप लांबून त्याला ओळखतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मोठी मेजवानी होते. पुढच्या बाकावरच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरीणबाईंनी डोळे पुसले. त्या दरवेळी पुसतात. मी मागे बसले होते, पप्पांचं बोट धरून, कारण ते सुटले तर वेदीपाशी जाऊन दान-पेटीचं कुलूप तपासतात. आणि मला सारखं वाटत होतं, त्या मेजवानीत वाढायला कोण होतं? ताटं कुणी घासली? घरीच राबणारा थोरला भाऊ शेतातून दमून आला, त्याला पाणी कुणी दिलं? शिकवण आम्हाला मिळते, की तू मत्सर करू नकोस. बरं. पण दमलो असं म्हणायचीही सोय नाही का आम्हाला?

आता तुला खरं सांगते. पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं होतं. पप्पा मला ओळखत नाहीत.

ज्या संध्याकाळी तुझं नाव परत आलं, त्याच संध्याकाळी माझं गेलं. आईबद्दल उपकार, आणि मग सरळ 'माझा छोट्या'. मला वाटलं, चुकून राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, तुला पत्र लिहायच्या आधी, मी वाटी पुढे केली तर म्हणाले, 'बाई, तुम्ही जेवलात का?' मला हसू आलं. म्हटलं, 'पप्पा, बाई काय? मी मोठी.' त्यांनी माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं, छोट्या, परक्या बाईकडे सभ्य माणूस बघतो तसं. म्हणाले, 'नाही हो. माझी मोठी वेगळी. तिचे केस लांब आहेत.'

केस मी कापले, कारण विंचरायला वेळ मिळत नाही.

मी तुला हे लिहिलं नाही, कारण लाज वाटली. तू दूर राहिलास आणि तू तळाला. मी रोज अंघोळ घालते, नखं काढते, औषधाच्या गोळ्या केळ्यात लपवते, आणि मी वरवरची. डॉक्टरांना विचारलं, असं का? ते म्हणाले, 'रोज समोर असणारं माणूस आठवावं लागत नाही ना.' मोठा शहाणा माणूस. फी घेतली आणि मला वाटेला लावलं.

परवा विचारत होते, 'इथली माणसं तुम्हाला नीट वागवतात ना?' मी म्हटलं, 'वागवतात.' मग म्हणाले, 'माझी मोठी आली की तिला सांगतो, बाई चांगल्या आहेत. ती फार कामात असते. येईल.' मी मशीनवर बसले होते. शाळेच्या गणवेशाची बाही उलटी शिवली आणि उसवत बसले.

त्याच रविवारी प्रभुभोजन होतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट. ताट माझ्यापुढे आलं आणि मी ते न घेता पुढे सरकवलं. मनात भावाविषयी काही असलं तर आधी ते मिटवायचं, मग यायचं, हे आपल्याला पप्पांनीच शिकवलंय. माझ्या मनात तुझ्याविषयी भाकरीएवढं नाही, पोतंभर होतं. सेक्रेटरीणबाईंनी बघितलं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मंडळीत झालं की माझ्या हातून काहीतरी घडलंय. दोघी 'सहज' येऊन गेल्या, चहा पिऊन, चौकशा करून. 'प्रार्थना करा, सगळं ठीक होईल,' म्हणाल्या. जाताना कप मात्र तिथेच ठेवून गेल्या.

पप्पांनी घेतलं प्रभुभोजन. मी त्यांच्या ओठाशी प्याला धरला. पिऊन झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, 'थँक्यू बाई.'

तू ये किंवा येऊ नकोस. मी आता ये म्हणत नाही. मी दमले, छोट्या. एवढंच लिहायचं होतं, बाकीचं उगाच लिहिलं.

ताई

८ एप्रिल

प्रिय छोट्या,

प्रभूत सलाम. मागचं पत्र पेटीत टाकल्यावर परत काढता आलं असतं तर काढलं असतं. पप्पांना सांगितलं असतं तर त्यांनी पोस्टाची पेटीही उघडून दिली असती. पण ते पत्र गेलं ते गेलं, आणि त्यातलं खोटं काही नव्हतं. फक्त आज ते माझ्या मनात तेवढं वजनाचं राहिलेलं नाही. का ते सांगते.

परवा सकाळी मी दोरे आणि भाजी आणायला बाहेर गेले. समोरच्या निवृत्त नर्सबाई पप्पांपाशी बसल्या होत्या, नेहमी बसतात तशा. मी परत आले, पिशव्या खाली ठेवल्या, किल्ली लावली. फिरेना. उलटी लावून बघितली, पदराने पुसून बघितली. किल्ली आत जात होती, फिरत नव्हती. आपल्याच दारात, छोट्या. आतून पप्पांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

तेव्हा तू आठवलास. असाच उभा असशील तू. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं की पिशव्या उचलाव्यात आणि जावं. कुठे ते माहीत नाही, जिना उतरून सरळ. कुणी मला अडवलं नसतं. तुझ्यावर मी इतकी चिडले होते, पण त्या दारात उभं राहिल्यावर कळलं की बेल किती लांब असते.

मी दाबली. तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे म्हणून असेल.

पप्पांनी दार उघडलं. हातात बारका चिमटा, कपाळावर तो भिंगाचा चष्मा. मागे नर्सबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. 'कोण पाहिजे, बाई?' म्हणाले.

मी म्हटलं, 'किल्ली लागत नाही हो.'

'नाही लागणार,' म्हणाले. 'हे माझ्या छोट्याच्या किल्लीचं आहे.'

टेबलावर टॉवेल पसरला होता. आई दुखऱ्या गुडघ्याला मलम लावायची, त्या मलमाची पत्र्याची डबी त्यावर उघडी पडली होती, रिकामी. शेजारी घडीचा कागद, त्याला पिनांच्या उंचीचे वळ उमटलेले, एकापुढे एक, ओळीने. मी तो कागद उचलून उजेडात धरला. त्यांनी त्या पिना वाटीत टाकल्याच नव्हत्या. जन्मभर सगळ्या गिऱ्हाइकांच्या पिना एका वाटीत फेकणाऱ्या माणसाने आपल्या दाराच्या पिना कागदात, जशा निघाल्या त्या क्रमाने गुंडाळून ठेवल्या होत्या. म्हणजे ज्या दुपारी त्यांनी तुला बाहेर काढलं, त्याच दुपारी, त्याच हातांनी, तुला परत घ्यायचीही सोय करून ठेवली. आणि मग तोंडाने सांगायचं तेवढं राहून गेलं. डबी कुठे होती, हे मी घर रोज झाडूनही मला माहीत नव्हतं. त्यांना ती कशी आठवली हे विचारून उपयोग नाही.

आपल्या सगळ्या घराचं हेच झालं बघ. मनात सगळं ठेवलेलं, जिथल्या तिथे, आणि बोलायच्या वेळी घसा खाकरायचा.

आता अडचण ऐक. नव्या पिना त्यांनी वाटीत टाकल्या, इतर शंभर कुलपांच्या पिनांत. माझी किल्ली आता कामाची नाही. घराबाहेर पडले तर मला पप्पांनी दार उघडावं लागतं, आणि दरवेळी मी कोण हे त्यांना पटवावं लागतं. झेरॉक्सवाला म्हणाला, दुसरा कुलूपवाला आणतो, दहा मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. या दाराची किल्ली आता जगात एकाच माणसाकडे आहे. तू ती फेकली नाहीस हे मला माहीत आहे, पप्पांचाच मुलगा आहेस. घेऊन ये. ते तुला ओळखतील की नाही, याची हमी आता मी देत नाही. पण दार ओळखेल. आणि किल्ली हरवली असली तर बेल आहेच.

मी तुला ये म्हणत नाही असं लिहिलं होतं ना? ते खोड.

कालची प्रार्थना सांगते आणि थांबते, पँटींचा ढीग पडलाय. मी नेहमीसारखी त्यांच्या पायाशी खाली बसले. आईबद्दल उपकार मानले. मग तुझं नाव, जाण्यायेण्यात सांभाळ. मी डोळे मिटून बसले होते, माझं नाव येणार नाही हे धरून. मग ते थांबले. दोन महिन्यांनी पहिल्यांदा घसा खाकरला. आणि त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला, या कापलेल्या केसांवर.

'आणि प्रभू, या बाईंना आता त्यांच्या घरी जाऊ दे,' म्हणाले. 'फार दमल्यात. त्यांचेही वडील वाट बघत असतील.'

मी आमेन म्हटलं. येत्या रविवारी प्रभुभोजनाचं ताट पुढे आलं की मी घेणार आहे.

वाट बघणारी,
मोठी